शेपटीचा तारा पाहायला काटोलला

दार उघडेना. नुसती कडी असती तर धक्क्याने फळी हलली तरी असती, पण हे दार भिंतीसारखं उभं होतं. बळवंतरावांनी खांदा दिला तेव्हा फटीतून ओल्या शेणामातीचा एक लपका निघून त्यांच्या पायावर पडला.

"मंदे! वं मंदे!" विहीणबाई दारावर दोन्ही हातांनी मारत होत्या. "मोठीमाय, उघडा नं! काय करून राहिल्या तुम्ही आतमधी?"

आतून काही नाही. सुधाकरच्या गळ्यात दुर्बीण तशीच होती. तो धक्का द्यायचा तेव्हा ती दारावर आपटायची, पण काढून ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"सब्बल आण गा सोनबा! पाहून काय राहिला!" बळवंतराव रखवालदारावर ओरडले. सोनबाने विहिरीवरून लोखंडी सब्बल आणली. बिजागरीत घालून दोघांनी जोर लावला. लाकूड चिरलं, आतला अडसर निसटला आणि दार अर्धं उघडून कशावर तरी अडलं. ते माणूस होतं.

खोलीत धूर नव्हता. गरम हवा होती आणि शेणाचा वास होता. मधोमध सिगडी, तिच्यात लाल फुललेले निखारे. मंदा खाटेवर कुशीवर पडलेली, गाल ताप चढल्यासारखे लाल. मोठीमाय दाराशी जमिनीवर, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले.

"पोरीले आधी!" विहीणबाई म्हणाल्या. "सात महिन्याची हाय हो ती! पोरीले आधी काढा!"

मोठीमायना बाजूला सरकवून मंदाला खाटेसकट बाहेर आणलं.

परत येऊन महिना झाला. आमच्या भजनी मंडळातल्या बायका रोज विचारतात, काटोलला गेल्या होत्या ना, तारा कसा दिसला? एकेकीला सांगून मी थकले. एकदाच लिहिते.

नागपूर ते काटोल

मंदा ही माझ्या नातवाची बायको. नातू सुधाकर इथे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. माझा मुलगा आणि सून भिलाईला असतात, त्यामुळे घरात मोठ्या आम्ही दोघी, मी आणि माझी थोरली जाऊ. त्यांना सगळे मोठीमाय म्हणतात, मीसुद्धा. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, कान चांगले. मी त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी लहान.

मंदाचं माहेर काटोलजवळ संत्र्याच्या मळ्यावर. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण तिथे करायचं ठरलं. जानेवारी १९८६, संक्रांतीच्या आधीचे दिवस. तेव्हाच तो हॅलेचा धूमकेतू संध्याकाळचा दिसत होता. पेपरात रोज काहीतरी यायचं. सुधाकर म्हणाला, नागपुरात दिव्यांमुळे काही दिसत नाही, मळ्यावर अंधार असतो, दोन्ही कामं एका खेपेत होतील. शिवाय त्याला मोठीमायना तो तारा पुन्हा दाखवायचा होता. त्यांनी तो लहानपणी पाहिलेला.

"शहात्तर वर्षांनी परत येतो. दोनदा पाहणारं माणूस शोधून सापडत नाही, मोठीमाय."

"मी डोहाळजेवणाले येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "ताऱ्याले नाही. अन् अमावस्येच्या तोंडावर पोटुशी पोरगी घेऊन कोण निघते, हे तुह्या कॉलेजात शिकवत नाही का?"

पण आल्या. एस.टी.त खिडकीजवळ बसल्या आणि अर्ध्या वाटेत त्यांना उलटी झाली. कंडक्टर म्हणाला, "आजी, डोहाळे कोणाले लागले?" बसभर लोक हसले. मोठीमाय तोंड पुसत म्हणाल्या, "तुह्या मायले विचार." तो पुढे काटोलपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

काटोलला संत्र्याच्या बाजारातून जावं लागलं. जमिनीवर तणसाचे थर, त्यावर फळांचे ढीग, व्यापारी ढिगात हात घालून खालची फळं वर काढून पाहणारे. नागपुरात आपण डझनावर घेतो आणि एखादं किडकं निघालं तर आठवडाभर बोलतो. इथे बैल संत्री खात उभे होते आणि त्यांना कोणी हाकलत नव्हतं.

मंदाचे वडील बळवंतराव बैलबंडी घेऊन आले होते. मंदासाठी तणसावर गादी, गादीवर चादर. ते बैलांना पूर्ण रस्ता पायी धरून चालले, कासरा एकदाही ढिला सोडला नाही. मंदाची पहिल्या गरोदरपणाची खेप तिसऱ्या महिन्यात फुकट गेली होती. त्याबद्दल कोणी बोललं नाही, पण त्या बंडीत आम्ही सगळे मडकी घेऊन बसल्यासारखे बसलो होतो.

मळा

मळ्यावरचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. एक खोली राहायची. दुसरी कोठीची, एक दार, वर एक हातभर खिडकी. जाड मातीच्या भिंती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, म्हणून मंदाची आणि आम्हा दोघींची निजायची सोय कोठीत केली.

थंडी बोचरी होती. नागपुरात थंडी पडते पण घराघरांच्या आडोशाने ती मोडते. इथे ती झाडांच्या ओळींमधून सरळ अंगावर येते. सकाळी विहिरीच्या पाण्याला वाफ यायची आणि तेवढ्यापुरतं ते पाणी बरं वाटायचं.

डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्याकडे फुलांचे दागिने, झोपाळा आणि फोटोवाला. यांच्याकडे झोपाळ्याला पानासकट संत्र्याच्या फांद्या बांधल्या होत्या आणि फोटोवाला नव्हता. शेजारच्या मळ्यांवरच्या बायका आल्या, प्रत्येकीने मंदाच्या ओटीत आपापल्या झाडाचं एक संत्रं घातलं. ओटी इतकी जड झाली की मंदाला उठता येईना.

"जुळं हाय वाटते!" एक बाई म्हणाली.

"जुळं तुले होऊ दे, तुह्या घरी म्हशी हायेत दोन," मंदाच्या आईने, आमच्या विहीणबाईंनी, उत्तर दिलं.

जेवायला बाहेर गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची तिखट भाजी, वरण, आणि मंदासाठी पुरणाची पोळी तुपात बुडवलेली. रोडगा बाहेरून दगड आणि आतून मऊ. माझ्या उरलेल्या दातांतला एक त्यात हलला. मोठीमायना दात नसल्याने त्यांनी वरणात कुस्करून दोन खाल्ले आणि मला विचारलं, "तुले काय झालं वं, तोंड काहून धरून बसली?"

त्या रात्री जेवणानंतर पडवीत शेकोटी होती. सुधाकरने मोठीमायना तारा पाहिल्याचं विचारलं. त्याला ते कॉलेजातल्या मुलांना सांगायचं होतं.

"मी आठनऊ वर्षांची असन," त्या म्हणाल्या. "आमचा गाव रामटेकच्या अंगाले. आधी हिवाळ्यात एक आला. आम्ही हरभरा उपटून राहिलो होतो. दिवस बुडाला अन् मांगून हा एवढा, खराट्यावाणी. मंग उन्हाळ्यात दुसरा आला, पहाटचा."

"पहिला हा नव्हता," सुधाकर म्हणाला. "त्या वर्षी दोन आले होते. हिवाळ्यातला जास्त मोठा होता, त्यामुळे पुष्कळ म्हातारे लोक तोच सांगतात. आपला तो उन्हाळ्यातला."

"पाह्यला मी का तू?"

"तुम्हीच."

"मंग आयक."

पण मग तोच सांगत बसला. चिनी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हा तारा पाहून लिहून ठेवला. दर वेळी लोकांना वाटायचं नवीन आला. कोणी म्हणे राजा मरणार, कोणी म्हणे लढाई. मग एका इंग्रज साहेबाने जुन्या नोंदी काढून जुळवल्या आणि सांगितलं, हा एकच आहे, फेऱ्या मारतो, अमुक वर्षी परत येईल. साहेब मेला आणि तारा त्यानंतर सांगितल्याप्रमाणे आला.

"म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षा टाइमावर हाय," बळवंतराव म्हणाले.

"त्या उन्हाळ्यात काय झालं थे विचार नं," मोठीमाय म्हणाल्या. "मास्तरनं पेपर वाचून सांगतलं, त्याची शेपटी जमिनीले लागणार हाय, शेपटीत विष हाय. मह्या बापानं घराले आतून सगळं लिंपलं. दार, खिडकी, कवेलूच्या फटी. माय, आजी, मी, भाऊ अन् दोन बकऱ्या. बाप्पा, काय गरमी! बकरी रातभर वरडे. सकाळी दार फोडलं, सगळे जिते. शेजारच्या म्हातारीनं नोतं लिंपलं. आठ दिसांत मेली."

"अहो, ती म्हातारीच होती," सुधाकर म्हणाला.

"तर? म्हाताऱ्यानं फुकट मरावं का?"

सगळे हसलो. मंदा पोट धरून हसली आणि म्हणाली, हसवू नका, आतून लाथा मारतंय.

मग सुधाकरने नीट समजावलं. पृथ्वी त्या वेळी शेपटीतून गेली असावी हे खरं, आणि शेपटीत विषारी वायू शास्त्रज्ञांनाच सापडला होता. पण तो इतका विरळ की कोणाला काही झालं नाही. यंदा तर शेपटी जवळपासही येणार नाही.

"पाहा," मोठीमाय विहीणबाईंना म्हणाल्या. "विष हाय, हे थोच म्हणून राहिला."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. सुधाकर त्यांना आणखी सांगायला गेला तर त्या आडव्या झाल्या होत्या.

तारा

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तारा पाहायला तळ्याच्या पाळीवर जायचं होतं. मळ्यापासून बरंच चालावं लागतं, मधे दोन धुरे, म्हणजे शेतांचे बांध, आणि एक ओढा. पश्चिमेला झाड नाही अशी ती एकच जागा.

मोठीमायनी सकाळीच सांगून टाकलं. "पोरगी येणार नाही. गिऱ्हान असतं तं नेली असती का?"

"हे ग्रहण नाही, मोठीमाय," सुधाकर म्हणाला.

"गिऱ्हानात नुसती सावली असते. यात विष हाय."

विहीणबाई त्यांच्या बाजूच्या. त्यांनी मंदाला ग्रहणात सुरीसुद्धा हातात धरू दिली नव्हती. बळवंतराव म्हणाले, ओढा ओलांडायचा आहे, अंधार होणार, बसू दे घरात. मंदा स्वतः म्हणाली, मला त्या कापसाच्या बोळ्यासारख्या ताऱ्याचं काही नाही, पाय दुखतात, तुम्ही या जाऊन. आडवं बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक गरोदर पोरगी आणि एक म्हातारी थंडीत घरी बसत होत्या.

दुपारी मोठीमायनी सोनबाकडून टोपलीभर शेण आणि पांढरी माती आणवली. सारवायचं असेल असं वाटलं. म्हातारपणीही त्यांना स्वस्थ बसवत नाही. निघताना विहीणबाईंनी बाभळीच्या कोळशाची सिगडी पडवीत पेटवून ठेवली. धूर पूर्ण गेल्यावर, निखारे लाल झाल्यावर मग आत न्यायची, हे इकडच्या सगळ्या बायकांना माहीत असतं. धूर गेला की भीती गेली. मीही आयुष्यभर तेच करत आले. नागपुरात आमच्या घराच्या दाराखाली तीन बोटं फट आहे आणि खिडकीची एक काच फुटलेली आहे.

पाळीवर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. सुधाकरने गुरूचा तारा दाखवला. तो कोणालाही दिसतो. त्याच्या वर, उजव्या हाताला पाहा म्हणाला. नुसत्या डोळ्याने मला काहीच दिसलं नाही. दुर्बीण आळीपाळीने फिरली. बळवंतराव म्हणाले दिसला. विहीणबाई म्हणाल्या दिसला, पण त्या दुर्बीण उलटी धरून होत्या.

माझी पाळी आली तेव्हा हात थंडीने थरथरत होते आणि सगळं आकाशच हलत होतं. सुधाकरने मागून माझे कोपर धरले. मग दिसला. पाटी ओल्या फडक्याने पुसली की खडूचा जो डाग राहतो, तसा. शेपटी मला दिसली नाही. सुधाकर म्हणाला, आहे, पण बारीक आहे.

"एवढ्यासाठी?" मी विचारलं.

"आजी, हा आता दोन हजार एकसष्टला येईल."

"येऊ दे."

त्याला वाईट वाटलं असावं. तो तिथून हलेचना. आकाशात डाग उतरत होता आणि तो एकटा दुर्बीण लावून उभा. आम्ही शाली गुंडाळून पाळीवर बसलो, संत्री सोलली, साली ओढ्यात टाकल्या. विहीणबाई म्हणाल्या, "जावईबापू, तारा जाऊन राहिला, तुम्हीही चला." तेव्हा निघालो.

घरापाशी आलो तर पडवीत दिवा होता, सिगडी नव्हती आणि कोठीचं दार बंद होतं.

रामदासपेठ

दार फोडलं त्या वेळी शेजारच्या मळ्यावर संत्र्याचा ट्रक भरून उभा होता. ड्रायव्हरने विचारलं नाही, पेट्या उतरवल्या. तणसावर मंदाला निजवलं, बाजूला मोठीमाय. उघड्या हवेत आणल्यावर मोठीमाय लवकर शुद्धीवर आल्या. दाराच्या तळाशी पडल्या होत्या, उंबऱ्यापाशी बारीकशी हवा असावी. वाटेत मंदाला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. विहीणबाई रडायला लागल्या. मंदाने पहिला हात पोटावर नेला. काटोलच्या डॉक्टरांनी बंद खोलीत सिगडीचा वायू भिनला असं सांगितलं आणि दोघींना ऑक्सिजन लावून पुढे नागपूरला पाठवलं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी ठेवली. बराच वेळ ठेवली. जागा बदलून ठेवली. मंदा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"लाथ मारत नाही कालपासून," तिने सांगितलं. "झोपलं असेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि खरं ते सांगितलं. त्या बाईचं मला बरं वाटलं. पुष्कळ जण बाहेर नवऱ्याला बोलावून सांगतात. पुढच्या दिवशी मंदाची सुटका केली. मुलगी होती. सुधाकर आणि बळवंतराव घेऊन गेले.

खोलीत काय झालं ते मंदाने मला चार दिवसांनी सांगितलं. मोठीमायनी आधी खिडकी लिंपली, मग दार. मंदाला ते गमतीचं वाटलं. म्हातारीचं मन राहू दे म्हणून ती बसली. ऊब चांगली आली होती. मग डोकं ठणकायला लागलं. "मी म्हटलं, मोठीमाय, दार उघडू का, मळमळतं. तर त्या घाबरल्या. म्हणाल्या, मलेही होऊन राहिलं, विष शिरलं वं, कुठं तरी फट राहिली. मग आम्ही दोघींनी फटी शोधल्या. त्यांना दिसत नव्हतं, मी दाखवत गेले. शेण कमी पडलं तर मी माझ्या लुगड्याचा पदर फाडून दिला. जितकं डोकं दुखे तितकं आम्ही लिंपत गेलो, आजी."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

सुधाकर अजून कॉलेजात जातो, येतो. दुर्बीण त्याने कॉलेजला परत केली. मुलांना ताऱ्याबद्दल काय सांगितलं ते मी विचारलं नाही. एकदा रात्री मला म्हणाला, "आजी, विष आहे हे मीच बोललो." मी म्हटलं, "पुढचंही बोललास." तो म्हणाला, "पुढचं कोणी ऐकलं नाही." मग उठून गेला.

मोठीमाय बऱ्या आहेत. हाताला थोडा कंप राहिला, बाकी जेवतात, झोपतात. मूल गेल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा पुष्कळ रडल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, "एक फट राहून गेली. तेवढीही बुजली असती तं थेही वाचलं असतं. पण पोरगी तं वाचवली मी." सुधाकर ताडकन उभा राहिला. मंदाने त्याच्या शर्टाची बाही धरली आणि खाली बसवलं. मोठीमायना सिगडीचं कोणी सांगितलं नाही. सांगायचं तर मी सांगायला हवं, घरात त्यांच्याशी बोलण्याइतकी मोठी मीच आहे. दोनदा त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी मला पाय चेपायला लावले. दुसऱ्यांदा त्या झोपल्या होत्या.

भजनी मंडळातल्या बायकांनी आता विचारू नये. तारा खडूच्या डागासारखा दिसतो. संत्री चांगली होती.

त्या खोलीतून मंदा वाचली आणि मोठीमाय वाचल्या.